कानात पडलं ते नाव

आमच्याकडं बारशाला आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे सांगून पटत नाही. इथं बंगालात माझं लग्नानंतरचं सगळं आयुष्य गेलं. शेजारच्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आत्याचा काहीतरी गुन्हा असणार. गुन्हा नाही, मान असतो. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी दोन्ही हातांचा आडोसा करते, कुर्र्र करते आणि नाव सांगते. आणि ती सांगत असताना मागच्या बायका तिच्या पाठीत धपाधप घालतात. कुणी हसत घालते, कुणी वर्षभराचा राग काढते. त्या गोंधळात नाव काय सांगितलं ते दोघांनाच कळतं, सांगणारीला आणि ऐकणाऱ्याला. मग आत्या सरळ उभी राहते आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगते. मी पंधरा वर्षांची असताना अशी एकदा वाकले होते. त्या दिवशीचे गुद्दे मला अजून पाठीवर सांगता येतात, हा उजवीकडचा, हा मणक्यावरचा. कारण शेवटचा पडेपर्यंत माझं पक्कं ठरलंच नव्हतं.

माझा भाऊ गलाईवाला. आमच्या विट्याकडच्या गावांत घरटी एखादा तरी असतोच. सोनारांच्या दुकानातली झाडून काढलेली माती, जुने दागिने, पॉलिशचं पाणी, असल्या गोष्टींतून भट्टी आणि तेजाब, म्हणजे ॲसिड, लावून सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. त्यासाठी आमची माणसं कुठल्या कुठं जातात आणि तिथलीच होऊन राहतात. दादा कुंभकोणमला गेला होता. आई वारली त्याच्या दुसऱ्या वर्षी तो जत्रेला आला. माझी सातवी नुकतीच झाली होती. तो आबांना म्हणाला, "शेवंताला संगं न्हेतो. हिला एकटीला तिकडं करमत न्हाई." हिला म्हणजे वहिनीला. आबांनी विचारलं, "आन् शाळा?" दादा म्हणाला, "शाळा काय पळून चाललीय व्हय?" शाळा पळून गेली नाही, तिथंच राहिली. गेले ते मीच. पण दादाबद्दल मनात काही नाही माझ्या. सातवीपुढं शिकले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही; गेले म्हणून काय मिळालं ते ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले.

दुकान पुढं, घर मागं. मधल्या बोळात भट्टी. दिवसभर भात्याचा फस्‌फस् आवाज, आणि तेजाबाचा तो पिवळा धूर घशात बसणारा. आल्या आल्या मी आठ दिवस खोकले. घरून ज्वारीचं पीठ पोत्यात भरून नेलेलं असायचं, ते जपून वापरायचं. आठवड्यातनं दोनदा भाकरी, बाकी भात. मला भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. बाजारात मी बोटानं दाखवायची आणि घरी येईपर्यंत वाटायचं, आपण काहीतरी चुकीचं घेतलं. हा माझा स्वभाव आजही गेलेला नाही. कुलूप लावलं तरी चार पावलांवरनं परत येऊन ओढून बघते. फोन वाजला की आधी घरची सगळी माणसं मनात मोजते, मग उचलते.

भिंतीपलीकडं यालिनीअक्का राहायची. वयानं विशीच्या थोडी पुढं असेल. आईबाप नव्हते, लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. देवळासाठी आणि गिऱ्हाइकासाठी ती फुलं गुंफायची. ओल्या पोत्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग, शेजारी केळीच्या सोपटाचा दोरा, आणि तिची बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला गाठ कुठं बसली ते दिसायचंच नाही. माळ विकताना ती मोजायची कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, हातभर, दोन हात. आणि शेवटी प्रत्येकीला चार बोटं जास्त सोडायची. मी ओट्यावर बसून बघायची. एक दिवस तिनं माझ्याकडं बोट करून भुवया उडवल्या. मी म्हटलं, "शेवंता." तिनं टोपलीतलं शेवंतीचं पिवळंधमक फूल उचललं, "सेवंदी?" आणि इतकी हसली. तेव्हापासून मी सेवंदी. परमुलखात माझं नाव आधीच तिच्या टोपलीत होतं, याचा मला किती धीर आला ते सांगता येत नाही.

तिचं नाव मात्र मला येईना. मी इथं यालिनी लिहिते आहे, कारण दुसरं काय लिहिणार? पण ते तसं नाही. मधलं अक्षर ना ल, ना ळ, ना र, ना य. आपला ळ टाळूला लागून खाली आपटतो. तिच्या अक्षरात जीभ मागं वळते आणि कुठंच लागत नाही. तोंडातल्या तोंडात हवेवर थांबते. ती माझी हनुवटी धरायची आणि म्हणायची, म्हण. मी म्हणायची. ती कपाळाला हात लावायची. हे नाव तिच्या बापानं ठेवलं होतं. याळ म्हणून एक जुनं तारांचं वाद्य होतं म्हणे, आता कुणी वाजवत नाही, कुणी पाहिलेलंही नाही. ते वाजवणारी ती यालिनी. त्या सगळ्या गल्लीत या नावाची ती एकटीच होती. तिथल्या बायकाही तिला म्हणायच्या, असलं कसलं पुस्तकातलं नाव! तीन महिने मी भांडी घासताना, तांदूळ निवडताना जीभ वळवत बसले. एक दिवस शेंगदाण्याची चटणी द्यायला गेले आणि सहज हाक मारली. अक्काचे हात थांबले. तिनं माळ खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा गेल्यानंतर असं कुणी म्हटलं नव्हतं." मग बोटभर चटणी खाल्ली आणि तिखटानं तिचे डोळे वाहायला लागले. त्यातलं तिखटाचं किती, ते तिचं तिला माहीत.

वहिनीला दिवस गेले होते. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, म्हणून खटावकडच्या तिच्या माहेरी पत्र गेलं होतं, गाडीची तिकिटंही काढून झाली होती. पण आठव्यातच दुखायला लागलं. तिकडच्या मोठ्या सणाचा दिवस होता. दादा दोन दिवसांसाठी मदुराईला गेला होता, कामगार सुट्टीवर, बाजार बंद. वहिनी भिंतीला टेकून म्हणाली, "वन्सं, कुनाला तरी बोलवा हो," आणि खालीच बसली. मी धावत पलीकडं गेले. मला येत असलेली सगळी भाषा पळून गेली, तोंडातून फक्त "अक्का, वा, वा" एवढंच निघालं, ये, ये. सणाचा दिवस, म्हणजे वर्षातली तिची सगळ्यात मोठी विक्री. पुढ्यात टोपल्या भरलेल्या, दारात बायका उभ्या. ती तशीच उठली. पुढं दवाखान्यातनं परत आलो तेव्हा त्या कळ्या पोत्यावर काळ्या पडून चिकटल्या होत्या, ते मी पाहिलं. रस्त्यात केळ्यांचे घड भरलेला एक टेम्पो जात होता. त्याच्यासमोर ती हात पसरून उभी राहिली. टेम्पोवाला ओरडला, ही त्याच्या दुप्पट ओरडली. घडांच्या मध्ये गोणपाट टाकून आम्ही वहिनीला दवाखान्यात नेलं.

पोर झाली ती ओंजळीएवढी. रडली ती मांजराच्या पिल्लासारखी. वहिनीला ताप भरला, तो उतरेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाला अंगाची ऊब पाहिजे, सतत. अक्का पुढं झाली. तिनं पदराच्या आत, छातीवर, बाळ उघडंच घेतलं आणि वरनं आपलं जुनं सुती लुगडं गुंडाळलं. तीन आठवडे. ती बसून झोपायची. मी डबा आणायची, तिला घास भरवायची, कारण तिचे दोन्ही हात पोरीला धरलेले. कुणी नवीन नर्स आली आणि विचारलं, कुणाचं बाळ, तर अक्का म्हणायची, "माझं." मग वहिनीकडं हनुवटी करून, "आणि तिचं." दादा परतला तेव्हा दवाखान्याच्या दारातच ढसाढसा रडला. पुढं त्यानं अक्काला साडी घेतली. चांदीचे पैंजणही करून आणले. साडी तिनं घेतली, पैंजण वहिनीच्या उशाशी ठेवून दिले.

घरी आल्यावर एका दुपारी, पोर अक्काच्या मांडीवर असताना, मी तिला सांगितलं, आमच्याकडं नाव ठेवायचा मान आत्याचा. मी आत्या. मी हिला तुझं नाव ठेवणार. मला वाटलं, तिला आनंद होईल. तिनं पोरीची बोटं एकेक करून उलगडली. मग म्हणाली, "नको, सेवंदी. तुझ्या गावात ही जीभ नाही. पोरीचं हसं होईल, आणि माझं नाव तिथं जाऊन मरेल." मी म्हटलं, "मी शिकवीन सगळ्यांना." चौदा-पंधराव्या वर्षी माणूस काय वाटेल ते बोलतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा नको म्हटलं नाही. तेवढं मी होकारासारखं धरलं.

बारावा दिवस दवाखान्यातच गेला होता. त्यामुळं बारसं गावाकडं करायचं ठरलं, पोर तिसऱ्या महिन्यात असताना. तोवर तिला नावच नव्हतं. बाळी, ठकी, चिमणी, जे तोंडाला येईल ते. गाडीत दादा तिच्याकडं बघत म्हणाला, "डोळं बघ की. आई परत आलीया." वहिनी म्हणाली, "वन्सं, आत्याबाईंचंच नाव ठेवायचं बरं का." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई; तिचं नाव हौसा. मी मान हलवली. त्यात चूक काय होती? गेलेल्या माणसाचं नाव घरात परत येतं ही आमची रीत, आणि आई माझीही होती. दोन दिवस, दोन रात्री, खिडकीतनं मुलूख मागं जात होता आणि मी मनात म्हणत होते, अक्काला कुठं कळणार आहे? मग वाटायचं, मला कळेल ना. गाव जवळ आलं तसं ठरवलं, हौसाच ठेवायचं. अक्कानंच नको म्हटलं होतं की. 

बारशाच्या दिवशी घुगऱ्यांचा वास सगळ्या आळीत सुटला होता. आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात घालतात, तसं घातलं, मग पोरीला खालून-वरून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत दिलं-घेतलं. तानूकाकू, आमची चुलती, म्हणाली, "या आत्याबाई. पाठ दनकट हाय न्हवं?" मी वाकले. वहिनीनं पोरीला ज्या दुपट्यात गुंडाळलं होतं, तो अक्काच्या त्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. दोनदा धुतलेला. तरी मी तोंड कानाजवळ नेलं आणि त्यातून मोगरा आला. पाठीवर पहिला गुद्दा पडला. कुर्र्र केलं. दुसरा पडला, तिसरा पडला. मी म्हणायला गेले हौसा. जीभ मागं वळली आणि हवेवर थांबली. मी ते नाव सांगितलं. नीट, जसं आहे तसं. एकदा नाही, तीनदा.

उभी राहिले तेव्हा सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. आजही मला वाटतं, खरा क्षण तो होता, वाकलेला नव्हे. कानात काय गेलं ते कुणाला ठाऊक? मोठ्यानं हौसा म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं.  "काय ठिवलं गं?" कुणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, "हौसाच ठिवलं आसंल, इचारतीस काय?"

"यालिनी," मी म्हटलं.

"काय लिनी?" तानूकाकू म्हणाली. "आगं, पोरीचं नाव हाय का औशिदाचं?"

बायका हसल्या. दादा दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "शेवंते, नीट सांग. आईचं नाव ठरलं हुतं."

"कानात सांगून झालं, दादा."

"मग परत सांग."

तेव्हा तानूकाकूच आडवी आली. "तसं करत न्हाईत, बाबा. एका कानात दोन नावं घातली तर पोर कुनाच्या हाकंला ओ देनार?" दादाचा चेहरा उतरला तो मला बघवेना. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आईनं तुझं काय वाईट केलं हुतं गं?"  आबा उंबऱ्यापाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "कोन ही बाई?" मला रडू फुटलं. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी वहिनी पदर सारखा करत बोलली, "मामंजी, तीन आठवडं माझी पोर तिच्या छातीवर हुती. मी तापात हुते. ती नसती तर आज पाळणा रिकामा ऱ्हायला असता."

आबांनी तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन टाकली, चूळ भरली, परत येऊन बसले. म्हणाले, "आन् हौसाला तरी सोताचं नाव कुठं आवडत हुतं? जल्मभर मला म्हनायची, हे काय नाव हाय व्हय." मग माझ्याकडं वळून, "म्हनायचं कसं तेवढं शिकीव मला."

मी रडत रडतच शिकवलं. जीभ मागं, आबा, अजून मागं, टाळूला लावू नका. आबांनी तोंड उघडून चार-पाच वेळा काय काय आवाज काढले. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. शेवटी आबा म्हणाले, "ह्ये काय जमायचं न्हाई गड्या. आमी आपलं याले म्हनू." आणि ते शेवटपर्यंत 'याले'च म्हणाले. शेतातून आले की बांधावरून हाक, "याले, पानी आन." वर्षभरात गावानं आपापल्या परीनं यालिनी, यालनी, येलनी केलं. मी आडावर पोरींना शिकवायची, घरात वहिनीला. वहिनीला एकदा जमलं, दुसऱ्या दिवशी गेलं. मी शिकवीन सगळ्यांना, असं म्हणून आले होते; एकालाही शिकवू शकले नाही.

दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. वहिनी आणि पोर गावीच राहिल्या, तो एकटा निघाला; जाताना म्हणाला, "तू आता हितंच ऱ्हा. आबांचं कोन बघनार?" ते खरंही होतं. मी अक्काला निरोप सांग म्हटलं, त्यानं हूं केलं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, मुलगा गलाईचाच, पण बंगालातला. दादा लवकरच कुंभकोणम सोडून गावी आला, रस्ता रुंद होताना ती आळी गेली, आणि अक्का कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. दादाचा राग कधी गेला ते मला ठाऊक आहे. पोरीला शाळेत घालताना गुरुजी म्हणाले होते, "यालिनी असं काही नाव नसतं, शालिनी लिहू का?" दादा म्हणाला, "न्हाई गुरुजी. यालिनीच." हे त्यानं मला पत्रात लिहिलं, बाकी काही नाही, एवढंच. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. माझ्या थोरल्या मुलीचं नाव मी हौसा ठेवलं. इथल्या लोकांना तेही म्हणता येत नाही.

आता यालिनीचं. ती शिकली, नर्स झाली, आणि गेली वीस-बावीस वर्षं कराडजवळच्या मलकापूरला एका दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत आहे. शांत बाई आहे, हाताला गुण आहे. अडलेल्या बायकांजवळ रात्र रात्र उभी राहते. घरी जाताना बाया विचारतात, "सिस्टर, तुमचं नाव काय हो?" आणि पोरीला तेच ठेवतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिनं मला फोन केला, "आत्या, काय करू गं?" मी म्हटलं, काय करणार, पेढा खा. मग ते वाढतच गेलं. कराडात झालं, पाटणकडं झालं, साताऱ्याला कुणाच्या सुनेनं ठेवलं. जतकडच्या एका बाईनं ठेवलं, तिकडं त्याचं यल्लिनी झालं, यल्लम्माच्या नावासारखं. आता तर ज्यांनी सिस्टरला पाहिलंही नाही ते ठेवतात. शालिनी, मालिनी, तशी यालिनी, जुनंच आहे असं त्यांना वाटतं. मागल्या वर्षी शिरवळला गाडी थांबली होती तिथं एका आईनं हाक मारली आणि वेगवेगळ्या टेबलांवरच्या दोन पोरींनी मान वळवली. मी हातातला चहा तसाच ठेवला. माझ्या नातीनं मोबाइलवर अर्थ काढून दाखवला, तिथं लिहिलं होतं, यालिनी म्हणजे पहाटेचा किरण. त्या किरणाला मी काय म्हणणार?

ऐकताना मला आनंद व्हायचा आणि रात्री तेच मनाला खात राहायचं. नाव सगळीकडं झालं, पण अक्काचं त्यात काय उरलं? ती म्हणाली होती तसंच झालं की. नाव तिथं जाऊन मेलं आणि त्याची साल तेवढी गावोगाव हिंडते आहे, असं वाटायचं.

या हिवाळ्यात यालिनीनं अक्काचा पत्ता शोधून काढला. दादाच्या हाताखाली असलेल्या एकाचा मुलगा आता कुंभकोणमला स्वतःचं दुकान चालवतो. त्यानं देवळांजवळच्या फुलवाल्यांत चौकशी केली. मी बंगालातनं गेले, ती कराडहून आली. गाडीत मला काही खाववलं नाही. जिवंत असेल पण ओळखेल का, ओळखेल पण रागावलेली असेल का, एवढ्या वर्षांत एक पत्र नाही. मला लिहिता यायची ती मराठी तिला वाचता येणार नव्हती, पण ती काय सबब झाली? देवळाच्या मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या पडवीत ती बसली होती. तोंडात दात नव्हते. बोटं मात्र तशीच चालत होती. मी समोर उभी राहिले. तिनं गिऱ्हाईक समजून हात पुढं केला, किती?

मी तिच्या नावानं हाक मारली. तीन महिने भांडी घासताना जी शिकले होते, ती.

तिचे हात थांबले. "सेवंदी?"

पुढचा अर्धा तास आम्ही काय बोललो ते मला सांगता येणार नाही, माझी भाषाही अर्धी गेली होती. दादाच्या कामगाराचा तो मुलगा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होता. मी यालिनीला पुढं केलं. अक्कानं तिच्या चेहऱ्याला हात लावला, खांद्याला लावला, एवढी दांडगी बाई ओंजळीत कशी मावली होती याचा अंदाज घेतल्यासारखा. मग विचारलं, "नाव काय ठेवलं होतं?" यालिनीनं सांगितलं, आमच्याकडं म्हणतात तसं. अक्कानं कान पुढं केला. ते आपलंच नाव आहे हे तिला कळलंच नाही. मला वाटलं, आता जमिनीत जावं. मी सांगितलं, तुझंच ठेवलं, अक्का. पण शिकवता आलं नाही मला. तिकडं आता हे नाव पुष्कळ आहे, पण सगळे असंच म्हणतात.

ती हसायला लागली, बिनदाताचं, खांदे हलवत. म्हणाली, "आता इथंही सगळ्यांच्या पोरी यालिनी आहेत. शाळेच्या दारात हाक मारली तर चार धावतात. आणि त्यांच्या आयाही असंच म्हणतात. ही जीभ आता इथंही कुणाला वळवायला नको." मग यालिनीला म्हणाली, "इकडं ये. कान दे."

पंचेचाळिशीची माझी भाची, जिच्या हातावर शेकड्यानं पोरं जन्माला आली, ती त्या ओल्या पोत्यावर गुडघे टेकून बसली आणि तिनं मान कलती केली. अक्कानं दोन्ही हातांचा आडोसा केला आणि तिच्या कानात ते नाव सांगितलं. माझा हात आपोआप उठला. अक्काच्या पाठीत मी एक गुद्दा घातला. हाडंच लागली, म्हणून दुसरा हलकाच घातला.

ती दचकून वळली. "मारतेस का?"

मी म्हटलं, "नाव सांगणारीला आमच्याकडं मारतात. मान असतो."

दुकानवाल्या मुलानं ते तिला सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, पाठ माझ्याकडं केली, पदर घट्ट ओढून घेतला आणि पुन्हा यालिनीच्या कानाशी वाकत म्हणाली, "मग एवढं हळू का?"